गुंतवळीला वाट : सहज स्वच्छ होणाऱ्या केसांच्या ब्रशाची रचना

केसांचा ब्रश केस विंचरण्यासाठी घडवला जातो. परंतु विंचरताना सुटलेले केस, कोंडा, तेल आणि धूळ धरून ठेवण्याचे दुसरे कामही तो त्याच वेळी करीत असतो, आणि ही दोन्ही कामे एकाच अवयवाकडून, म्हणजे दाट लावलेल्या दात्यांकडून होतात. ज्या गुणामुळे ब्रश केसांना चांगला भिडतो त्याच गुणामुळे तो मळही घट्ट धरतो, हा या वस्तूच्या रचनेतील मूळ पेच आहे. ब्रश अस्वच्छ राहिला की दोष सामान्यतः वापरणाऱ्याच्या आळसाला दिला जातो. वस्तुतः तो कितपत स्वच्छ होऊ शकेल हे बऱ्याच अंशी तो साच्यातून बाहेर पडण्यापूर्वीच, दात्यांमधील अंतर, त्यांची टोके, त्यांची बैठक आणि पाठीची घडण ठरवली जाते तेव्हाच निश्चित झालेले असते. ज्या ब्रशात मळाला आत शिरायला वाट आहे पण बाहेर पडायला नाही, तो कितीही कष्ट घेतले तरी पुरता स्वच्छ होत नाही. म्हणून सहज स्वच्छ होणाऱ्या ब्रशाचा विचार हा मुख्यतः या बाहेर पडण्याच्या वाटेचा विचार आहे.

ब्रशातील मळ कशाचा बनतो

माणसाच्या डोक्यावर साधारणपणे एक लाखाच्या आसपास केस असतात आणि त्यांपैकी प्रत्येक केस वाढीची, संक्रमणाची व विश्रांतीची अवस्था ओलांडून अखेर गळतो. निरोगी माणसाचे दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते, आणि मुळापासून सुटलेले हे केस इतर केसांत अडकून राहिलेले असल्यामुळे विंचरतानाच ते मोठ्या संख्येने बाहेर येतात. रोज ५० केस गळतात, प्रत्येक केस ३० सेंटिमीटर लांब आहे आणि त्यांतील निम्मेच ब्रशात अडकतात, असे धरले तरी एका आठवड्यात ५० मीटरहून अधिक लांबीचा अतिशय बारीक धागा दात्यांभोवती जमा होतो. या धाग्याचे वजन नगण्य असते, पण त्याचे जाळे पुढे येणाऱ्या सर्व मळाला आधार देते.

या जाळ्यात पहिल्यांदा अडकतात त्या त्वचेच्या मृत पेशी. डोक्याच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर सतत झडत असतो. एरवी हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, मात्र झडण्याचा वेग वाढून पेशी पुंजक्यांनी सुटू लागल्या की त्यांनाच कोंडा म्हटले जाते. दुसरा घटक म्हणजे सीबम, अर्थात केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींतून पाझरणारा स्निग्ध पदार्थ, ज्यात ट्रायग्लिसराइडे, मेणासारखी संयुगे, मेदाम्ले आणि स्क्वालीन हे तेल असते. हवेच्या संपर्कात स्क्वालीन आणि मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण होते, आणि जुन्या, न धुतलेल्या ब्रशाला येणाऱ्या खवट वासाचे हे एक मोठे कारण आहे. यांत वरून लावलेले तेल, केस बसवण्याच्या फवाऱ्यातील किंवा जेलमधील बहुवारिके, कपड्यांचे व उशीच्या अभ्र्याचे तंतू आणि हवेतील धूळ यांची भर पडते. शिवाय कोरडे केस विंचरताना घर्षणाने केसांवर आणि दात्यांवर विरुद्ध विद्युतभार निर्माण होत असल्यामुळे हलके कण दात्यांकडे ओढले जातात. दात्यांच्या तळाशी दिसणारा राखाडी लोकरीसारखा थर हा या सर्वांचा एकजीव झालेला मळ असतो. त्यात केस व तंतू हे जाळे असते, मृत पेशी व धूळ ही भर असते आणि सीबम व तेल हा त्यांना बांधणारा लेप असतो.

मळाच्या या घडणीवरून रचनाकाराला एक महत्त्वाची गोष्ट कळते, ती अशी की ब्रश स्वच्छ करणे हे एक काम नसून दोन वेगळी कामे आहेत. केसांचे जाळे यांत्रिक बळाने, कोरडेपणीच काढावे लागते, कारण पाण्याने ते विरघळत नाही, उलट अधिक चिकटून बसते. आणि स्निग्ध लेप पाण्याने व साबणासारख्या द्रव्याने धुवावा लागतो, कारण केवळ ओढून तो निघत नाही. जो ब्रश यांपैकी एकाच कामाला सोयीचा आहे तो अर्धाच स्वच्छ होतो.

केस दात्यांना का धरून बसतात

केसाची जाडी साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते आणि त्याच्या पृष्ठभागावर केराटिन या प्रथिनाचे सूक्ष्म खवले कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले असतात. या खवल्यांची मोकळी कड टोकाच्या दिशेला असल्यामुळे मुळाकडून टोकाकडे बोट फिरवल्यास केस गुळगुळीत लागतो, तर उलट दिशेने तो खरखरीत लागतो. डोक्यावर सगळे केस एकाच दिशेने असतात, त्यामुळे हा फरक फारसा त्रास देत नाही. ब्रशात मात्र सुटे केस उलटसुलट पडतात, त्यांचे खवले एकमेकांत अडकतात आणि प्रत्येक नव्या हालचालीने गुंता सैल होण्याऐवजी आवळत जातो. लोकरीचे तंतू चोळले असता त्यांचा नमदा बनतो तो याच गुणधर्मामुळे.

दुसरे कारण घर्षणाच्या एका नियमात आहे. दोर खांबाभोवती गुंडाळला असता तो ओढण्यास लागणारे बळ वेढ्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, तर घातांकी रीतीने, म्हणजे प्रत्येक वेढ्यागणिक काही पटींनी गुणले जाऊन वाढते. लिओनहार्ड ऑयलर आणि योहान आयटेलवाइन यांच्या नावांनी ओळखला जाणारा हा नियम सांगतो की घर्षणांक ०.२ असेल तर एका पूर्ण वेढ्याने बळाची गरज सुमारे साडेतीनपट, दोन वेढ्यांनी सुमारे बारापट आणि तीन वेढ्यांनी चाळीसपटीहून अधिक होते. बंदराच्या धक्क्यावरील खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे देऊन एकटा खलाशी होडी थोपवून धरतो, तो याच नियमाच्या बळावर. ब्रशातील एक केस एकाच दात्याभोवती गुंडाळलेला नसला, तरी तो या दात्याच्या डावीकडून आणि त्या दात्याच्या उजवीकडून अशी नागमोडी वाट काढतो, आणि या लहान लहान वळणांची बेरीज सहज दोन-तीन वेढ्यांइतकी होते.

या नियमातून रचनेचे एक स्पष्ट सूत्र निघते. केसाचे एक टोक धरून त्याच्या लांबीच्या दिशेने ओढल्यास प्रत्येक वळण विरोध करते. पण संपूर्ण जाळे तळापासून एकाच वेळी, दात्यांच्या लांबीला समांतर असे वर उचलल्यास केसावर लांबीच्या दिशेने फारसा ताण येत नाही, वेढे आवळत नाहीत आणि जाळे जवळजवळ अखंड सुटून येते. बोटांनी चिमटीत धरून काढलेली गुंतवळ तुटते आणि अर्धी आत राहते, तर तळाशी कंगव्याचे टोक घालून उचललेली गुंतवळ एका पट्टीसारखी निघते, याचे कारण हेच आहे.

कंगवा, फणी आणि ब्रश

केस विंचरण्याच्या साधनांत कंगवा सर्वांत जुना आहे. इस्रायलमधील लाखीश येथे सापडलेल्या सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती कंगव्याला एका बाजूस सहा जाड दाते आणि दुसऱ्या बाजूस चौदा बारीक दाते होते. एक बाजू गुंता सोडवण्यासाठी आणि दुसरी उवा काढण्यासाठी अशी ही विभागणी होती. महाराष्ट्रातील घराघरांत वापरली गेलेली लाकडाची किंवा शिंगाची दुहेरी फणी याच तत्त्वावर बनलेली आहे.

स्वच्छतेच्या दृष्टीने कंगव्याचे आणि फणीचे मोठे बलस्थान असे की त्यांना दात्यांची एकच ओळ असते आणि दोन दात्यांमधील फट आरपार मोकळी असते. मळ एका बाजूने आत गेला तरी दुसऱ्या बाजूने ढकलता येतो, आणि म्हणूनच फणीच्या दात्यांमधून ताणलेला दोरा फिरवून ती स्वच्छ करण्याची घरगुती पद्धत इतकी परिणामकारक ठरते. ब्रशात मात्र दात्यांच्या अनेक ओळी एका बंद तळावर उभ्या असतात. तळ बंद असल्यामुळे मळाला आत शिरण्याची आणि बाहेर येण्याची वाट एकच, म्हणजे दात्यांच्या टोकांची बाजू राहते, आणि बाहेर येताना त्याला सर्व दात्यांची संपूर्ण उंची ओलांडावी लागते. कंगव्याला नसलेली ही अडचण ब्रशाला त्याच्या बंद तळामुळे आली आहे, आणि ब्रश सुधारण्याचे बहुतेक गंभीर प्रयत्न या तळाशीच केंद्रित झालेले दिसतात.

जुन्या घडणीतील मर्यादा

जुन्या पद्धतीच्या ब्रशात लाकडी पाठीला आंधळी छिद्रे, म्हणजे आरपार न जाणारी छिद्रे पाडून प्रत्येकात रानडुकराच्या राठ केसांचा झुबका दुमडून बसवला जाई आणि तो तारेने किंवा धातूच्या पट्टीने अडकवला जाई. इंग्लंडमध्ये १७७७ मध्ये सुरू झालेल्या केंट या ब्रश बनवणाऱ्या घराण्यापासून पुढे दीर्घकाळ ही घडण प्रमाण मानली गेली. रानडुकराचे राठ केस हेही केराटिनचेच असल्यामुळे ते सीबम टिपून केसांच्या टोकांपर्यंत पसरवतात, ही त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे; परंतु झुबक्याचा तळ, जिथे अनेक राठ केस एका छिद्रात दाटीने जातात, तिथे कोणतेही साधन पोहोचत नाही, आणि लाकूड व राठ केस दोन्ही पाणी शोषून फुगत असल्यामुळे तो ब्रश भिजवत ठेवणेही धोक्याचे असते.

१८८५ मध्ये मेसन पिअर्सन यांनी इंग्लंडमध्ये रबरी गादीचा ब्रश तयार केला. त्यात झुबके लवचीक रबरी पडद्यात बसवलेले असतात आणि पडद्यामागे हवेचा पोकळ कप्पा असतो, त्यामुळे दाते दाबाबरोबर मागे सरतात आणि डोक्याला टोचत नाहीत. ही घडण विंचरणाऱ्याला सुखाची आहे, पण दाब पडताच हवा आत-बाहेर जाण्यासाठी तिला एक बारीक छिद्र ठेवावे लागते, आणि धुताना त्याच छिद्रातून पाणी कप्प्यात शिरते. आत गेलेले पाणी सहज बाहेर येत नाही, म्हणून असा ब्रश बुडवून न धुता केवळ दाते फेसात बुडवावेत आणि वाळवताना दाते खाली करून ठेवावा, असा दंडक पाळावा लागतो. येथे सुखासाठी केलेल्या सुधारणेने स्वच्छतेसाठी नवी अडचण निर्माण केली.

लायडा न्यूमन यांची कल्पना

ब्रशाच्या स्वच्छतेला गौण बाब न मानता रचनेच्या केंद्रस्थानी आणणाऱ्यांमध्ये न्यूयॉर्कच्या लायडा डी. न्यूमन यांचे नाव आदराने घ्यावे लागते. केशभूषेच्या कामाशी संबंध असलेल्या या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीला १५ नोव्हेंबर १८९८ रोजी सुधारित ब्रशासाठी अमेरिकेचे ६,१४,३३५ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यांच्या ब्रशात दात्यांच्या ओळी समान अंतरावर होत्या, ओळींच्या मध्ये उघड्या फटी होत्या, त्या फटींतून सुटलेला मळ मागच्या पोकळ कप्प्यात जाई आणि कळ दाबून पाठ उघडता येत असल्यामुळे तो कप्पा रिकामा करता येई.

या रचनेचे महत्त्व तिच्या साधेपणात आहे. बंद तळाला फटी पाडून न्यूमन यांनी ब्रशाला कंगव्याचा तो गुण परत दिला जो बंद तळामुळे त्याने गमावला होता, म्हणजे मळाला आरपार वाट दिली. आणि ती वाट पाठीत उघडल्यामुळे दात्यांच्या टोकांच्या बाजूने मळ उपसण्याची गरज कमी केली. शिवाय फटींतून हवा खेळत राहिल्याने ब्रश लवकर वाळण्यासही मदत होते. डोक्याची निगा हे ज्यांचे रोजचे काम आहे त्यांनाच ब्रश साफ करण्याचा खरा त्रास ठाऊक असतो, आणि त्या अनुभवातून आलेली ही कल्पना आजही जुनी झालेली नाही. न्यूमन यांनी पुढे १९१५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत कृष्णवर्णीय स्त्रियांचे संघटन केले. न्यूयॉर्क राज्यातील स्त्रियांना तो अधिकार १९१७ मध्ये मिळाला.

स्वच्छतेचे तीन मार्ग

न्यूमन यांच्या नंतरच्या काळात नायलॉनने ब्रशाचे स्वरूप बदलले. ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या संशोधक गटाने १९३५ मध्ये तयार केलेले हे बहुवारिक १९३८ मध्ये सर्वप्रथम दात घासण्याच्या ब्रशात बाजारात आले, आणि पाण्याने न कुजणारे, एकसारख्या जाडीचे, साच्यात घडवता येणारे दाते ब्रशकारांना उपलब्ध झाले. त्यामुळे ब्रशाचे भाग सुटे करण्याच्या कल्पनेला बळ मिळाले. आज या दिशेने जाणाऱ्या रचना ढोबळमानाने तीन प्रकारांत मांडता येतात.

पहिला मार्ग भाग सुटे करण्याचा. ब्रिटनमध्ये प्रसिद्धी पावलेल्या डेनमन ब्रशाची रबरी गादी मुठीच्या खाचेतून सरकवून बाहेर काढता येते आणि नायलॉनच्या दात्यांच्या ओळीही गादीतून वेगळ्या करता येतात. अशा रीतीने ज्या कोपऱ्यांत मळ साठतो ते कोपरे धुताना अस्तित्वातच राहत नाहीत. या मार्गाची किंमत अशी की भाग पुन्हा जोडण्यास कौशल्य लागते, वारंवार काढल्याने रबर सैल पडते, आणि जोडणीची प्रत्येक खाच ही मळाची नवी जागा होऊ शकते.

दुसरा मार्ग जाळे उचलण्याचा. दात्यांच्या तळाशी, प्रत्येक दात्यासाठी छिद्र असलेली एक पातळ पट्टी ठेवली जाते. विंचरून झाल्यावर ती टोकांपर्यंत वर उचलली की तिच्याबरोबर सगळी गुंतवळ वर येते. घर्षणाच्या नियमानुसार हीच सर्वांत कमी बळाची दिशा असल्यामुळे ही कल्पना तत्त्वतः उत्तम आहे. परंतु तिच्या यशाला मोजमापाची कठोर अट आहे : छिद्र आणि दाता यांमधील फट केसाच्या जाडीहून लहान नसेल तर केस त्या फटीतून पट्टीखाली जातात, आणि केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असल्याने स्वस्त साच्यांत इतकी अचूकता सांभाळणे अवघड असते. त्यातच दात्याच्या टोकावर डोक्याला टोचू नये म्हणून गोळी असेल, तर छिद्र गोळीएवढे मोठे करावे लागते आणि दात्याभोवतीची फट आपोआप रुंद होते. म्हणून अशा ब्रशात दात्याचा तळ किंचित जाड, टोकाकडे तो निमुळता आणि टोक गोळीविना गुळगुळीत गोलाकार असणे आवश्यक ठरते.

तिसरा मार्ग दाते आत ओढून घेण्याचा. येथे पट्टी स्थिर राहते आणि कळ दाबली की दाते पाठीत मागे जातात, त्यामुळे गुंतवळ पृष्ठभागावर सुटी पडून राहते. वापरण्यास हा प्रकार सर्वांत सोपा आहे. मात्र दाते मागे जाताना आपल्याबरोबर तेल, कोंडा आणि तुटके केस पोकळीत नेतात, आणि ही पोकळी कायमची बंद असेल तर ब्रश वरून स्वच्छ व आतून मळका अशी फसवी अवस्था निर्माण होते. आत जाणाऱ्या मळाला न्यूमन यांनी पाठीतून बाहेर काढले होते. दाते मागे घेणाऱ्या आजच्या ब्रशालाही उघडणारी पाठ तितकीच आवश्यक आहे.

या तिन्ही मार्गांना पूरक अशी एक साधी सुधारणा म्हणजे दात्यांची मांडणी. एकाआड एक, चुकवून लावलेले दाते केसांत अधिक समान रीतीने शिरतात, पण त्यांच्यामधून सरळ वाट मिळत नाही. सरळ ओळींत लावलेल्या दात्यांमध्ये कंगव्याचे शेपूट किंवा सफाईची आकडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका ओढीत फिरवता येते. केस कुरळे करण्याच्या गोल ब्रशात तर नळीच्या लांबीभर एक दातेविरहित पट्टा ठेवला, तर त्यावरून कात्री चालवून गुंडाळलेले केस कापता येतात आणि वेढे उलगडत बसावे लागत नाही.

अन्नयंत्रांच्या रचनेतील धडे

कोणती वस्तू नीट धुता येते याचा सर्वांत काटेकोर अभ्यास अन्नप्रक्रियेच्या यंत्रांबाबत झाला आहे. १९८९ मध्ये युरोपात याच कामासाठी स्थापन झालेल्या तज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा सामान्यतः ०.८ मायक्रोमीटरहून अधिक नसावा, आतील कोपरे तीक्ष्ण न ठेवता शक्यतो ६ मिलिमीटर आणि किमान ३ मिलिमीटर त्रिज्येने गोल करावेत, कुठेही भेग राहू नये आणि पाणी साचून न राहता आपोआप वाहून जावे. केसांच्या ब्रशाला इतकी मोठी त्रिज्या पेलणार नाही, कारण त्याचे दातेच काही मिलिमीटरांच्या अंतरावर असतात. पण तत्त्व तेच लागू पडते. दाता तळाला काटकोनात न मिळता छोट्या वळणाने मिळाला, दाता आणि तळ एकाच साच्यात एकसंध ओतला गेला, आणि तळ मध्यभागी किंचित उंच ठेवून पाणी कडेला वाहील अशी सोय केली, तर मळ आणि ओल यांना थांबायला जागा उरत नाही.

सिलिकोन रबर किंवा नायलॉन यांचा एकसंध ओतलेला दातेरी तळ या दृष्टीने लाकूड, गोंद आणि झुबके यांच्या जोडकामापेक्षा निश्चित सरस आहे. मात्र सिलिकोन तेलट पदार्थ काही प्रमाणात शोषून घेते आणि धूळ ओढते, तर नायलॉन गरम पाण्यात थोडे पाणी शोषून तात्पुरते मऊ पडते, म्हणून साहित्याची निवड ही अंतिमतः विंचरण्याची ताकद आणि धुण्याची सोय यांमधील तोल सांभाळण्याची गोष्ट राहते.

रंगाची निवडही येथे स्वच्छतेचा भाग ठरते. काळ्या तळावर काळे केस दिसत नाहीत आणि पांढऱ्या तळावर कोंडा दिसत नाही. भारतीय केसांसाठी मध्यम, फिकट निळ्या किंवा हिरव्या छटेचा तळ असेल तर दोन्ही प्रकारचा मळ डोळ्यांना जाणवतो आणि साफसफाईची वेळ झाल्याचे ब्रशच दाखवून देतो. तसेच कळ मोठी, ओल्या हातालाही न निसटणारी आणि थोड्या बळाने दबणारी असावी लागते, कारण सांधे दुखणाऱ्या वृद्ध व्यक्तीला जो ब्रश उघडता येत नाही तो तिच्या दृष्टीने स्वच्छ होणारा ब्रश नव्हेच.

तेल, पाणी आणि साबण

महाराष्ट्र आणि गोव्यात केसांना खोबरेल तेल लावण्याची रीत घरोघरी आहे, आणि ब्रशाच्या रचनेसाठी ही महत्त्वाची वस्तुस्थिती आहे. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. त्यामुळे हिवाळ्याच्या सकाळी थंड पाण्याने ब्रश धुतल्यास तेल सुटण्याऐवजी घट्ट होऊन मळ दात्यांना चिकटवते, तर कोमट पाण्यात ते पातळ होते आणि शाम्पूच्या फेसाबरोबर वाहून जाते. शाम्पूतील पृष्ठसक्रिय द्रव्यांचे रेणू एका टोकाने तेलाशी आणि दुसऱ्या टोकाने पाण्याशी जोडले जाऊन तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवतात. साबणाचेही कार्य याच रीतीने चालते, पण विहिरी आणि बोअरवेल यांच्या दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरट साका तयार होतो आणि तो दात्यांच्या तळाशी नवा थर बनवतो. म्हणून दुष्फेन पाण्याच्या प्रदेशात साबणाऐवजी शाम्पू वापरणे योग्य असते, आणि ब्रशाच्या तळाला निचऱ्याच्या फटी असणे तर अधिकच गरजेचे ठरते.

मराठी घरांत विंचरून निघालेले केस इतस्ततः न टाकता बोटाभोवती गुंडाळून गुंतवळ करून ठेवण्याची आणि ती फेरीवाल्याला भांड्यांच्या मोबदल्यात देण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती व आहे. असे केस पुढे निवडून, उलगडून केसांच्या व्यापारात जातात. गुंतवळ अखंड काढून देणारा ब्रश या रीतीलाही उपयोगी पडतो, कारण तुटलेल्या केसांपेक्षा लांब केसांना मोल अधिक येते.

निर्जंतुक करण्याची मर्यादा

एकाच घरातील किंवा केशकर्तनालयातील ब्रश अनेकांनी वापरल्यास उवा आणि डोक्याच्या त्वचेवरील गजकर्णाची बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, म्हणून स्वच्छतेचा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. उवांच्या बाबतीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने कंगवे व ब्रश सुमारे ५४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक गरम पाण्यात ५ ते १० मिनिटे बुडवून ठेवण्याचा सल्ला दिला आहे. नायलॉन, सिलिकोन आणि एबीएस प्लास्टिक हे तापमान सहज सोसतात. गोंदाने चिकटवलेली लाकडी पाठ ते वारंवार सोसत नाही. केशकर्तनालयांत दिसणाऱ्या निळ्या निर्जंतुक द्रावांपैकी प्रसिद्ध असलेला बार्बिसाइड हा द्राव १९४७ मध्ये अमेरिकेत मॉरिस किंग यांनी तयार केला. परंतु कोणताही असा द्राव केस आणि तेलाच्या थराखाली नीट पोहोचत नाही; आधी मळ काढायचा, मग धुवायचे आणि त्यानंतरच निर्जंतुक करायचे हा क्रम म्हणूनच अपरिहार्य आहे. ज्या ब्रशाचा मळ पहिल्या पायरीवरच अडतो, त्याला महागडा द्रावही उपयोगाचा नाही.

नमुन्याची परीक्षा

एखादा ब्रश सहज स्वच्छ होतो हा दावा तपासण्याची रीत अवघड नाही. कोऱ्या ब्रशाचे वजन करून त्यात ठरावीक वजनाचे, ठरावीक लांबीचे केस विंचरून घ्यावेत, तेल व बारीक धूळ यांचे ठरलेले मिश्रण लावावे, मग वेगवेगळ्या वयाच्या व्यक्तींना तो साफ करू द्यावा आणि लागलेला वेळ व आत उरलेले वजन मोजावे. ३० सेंटिमीटर लांबीच्या एका मध्यम जाडीच्या केसाचे वजन दीड मिलिग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे ५० केसांचे वजन साधारण ७५ मिलिग्रॅम होते, आणि हे मोजण्यासाठी अचूक प्रयोगशाळा-तराजू लागतो. हीच परीक्षा शंभर वेळा उघडझाप केल्यानंतर पुन्हा घेतली पाहिजे, कारण नवा असताना घट्ट बसणारा भाग झिजल्यानंतर ज्या फटी निर्माण होतात त्यांतच पुढील मळ साठतो.

ब्रश विकत घेणाऱ्यालाही या विवेचनातून तीन प्रश्न हाती लागतात : दात्यांच्या तळातून पाणी आरपार जाते का, गुंतवळ तळापासून एकाच वेळी उचलता येते का, आणि जो भाग डोळ्यांना दिसत नाही तो उघडून धुता येतो का. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर तो ब्रश वर्षानुवर्षे टिकतो, घाणेरडा झाला म्हणून फेकला जात नाही आणि प्लास्टिकच्या कचऱ्यातही तितकी घट होते. उत्पादकांनी दात्यांची संख्या आणि मुठीचा झगमगाट यांच्या जाहिरातींइतकेच महत्त्व या तीन गुणांना दिले पाहिजे, कारण रोज डोक्याला लागणारी वस्तू स्वच्छ ठेवता येणे ही तिच्या उपयुक्ततेची पहिली अट आहे आणि ती पूर्ण करण्याचे ज्ञान १८९८ पासून सर्वांसमोर खुले आहे.